चार खुणांचा कागद

"अक्का, वाकू नको, लोक बघालेत," भूपाल माझ्या कानाशी पुटपुटला. पण तोवर मी खाली वाकून जमिनीवरचे पाच-सहा बेदाणे उचलले होते.

बेदाण्याचा सौदा ज्यांनी पाहिला नाही, त्यांना आमची रीत सांगायला हवी. हॉलमध्ये ओळीनं पेट्या उघडून ठेवलेल्या असतात. खरेदीदार पेटीत हात घालतो, मूठभर माल वर काढतो, उजेडात धरून बघतो, एखादा तोंडात टाकतो आणि मुठीतला उरलेला पायाखाली सोडून देतो. परत पेटीत टाकणं म्हणजे त्याला कमीपणा. दुपारपर्यंत साऱ्या फरशीवर बेदाण्याचा थर होतो आणि त्यावर उभं राहूनच दर ठरत जातात. ज्यानं वर्षभर बाग जपली तो शेतकरी कोपऱ्यात उभा राहून आपला माल कुणाच्या बुटाखाली जातोय ते बघत असतो. मला दर वेळी संताप यायचा, पण रीत म्हटल्यावर बोलायचं कुणाला?

त्या दिवशी मात्र मी रागानं वाकले नव्हते. बुटाखाली आलेला बेदाणा चिरडला की फरशीला चिकटतो. हा चिकटत नव्हता, नुसता सरकत होता. मी तो तळहातावर घेऊन दुसऱ्या हातानं चोळला. आमच्याकडं द्राक्षं वाळत टाकण्याआधी तेलाच्या पाण्यात बुडवून काढतात. त्यामुळं साल पातळ पडते, माल लवकर वाळतो, आणि हाताची ऊब लागली की बारीक चकाकी तळव्यावर उतरते. वीस वर्षं निवडणीच्या शेडमध्ये तीस बायकांच्या पुढं बसून मी बेदाणा निवडलाय, ही चकाकी मला झोपेतही ओळखू आली असती. या मालाची चकाकी उतरलीच नाही. हात कोरडाच राहिला, वर बारीक मातकट धूळ लागली.

"हा माल आपल्याकडचा न्हवं," मी म्हणाले.

शेजारची पेटी महालिंग तोडकरची होती. पेठेतला सगळ्यात मोठा अडत्या. तो हसला. "कलाक्का, बेदाण्याला काय आधार कार्ड असतंय व्हय? माझ्या पेटीतला म्हंजे माझाच."

बाकीचेही हसले. भूपालनं माझा दंड धरून मला बाहेर नेलं. तो माझा धाकटा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो चौथीत होता. त्याची शाळा, त्याचं लग्न, त्याची पहिली चार एकर बाग, सगळ्यात मी होते. माझा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा माझं जे काही होतं ते भूपालचंच होतं आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

"त्याच्याशी कशाला वाकडं घेतीस?" तो म्हणाला. "आपला माल त्येच्याच अडतीवर लागतोय."

"म्हणूनच घेते. असला माल हॉलमध्ये आला तर तुझ्या मालाला कोण विचारणार हाय?"

आमच्या पेठेचं नाव मी इथं सांगणार नाही. बेदाण्याच्या पट्ट्यातल्या माणसाला ते कळेल आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही. गोष्ट बारा वर्षांपूर्वीची आहे.

त्याच दुपारी मी आप्पांकडे गेले. सिदगोंडा आप्पा म्हणजे बाजार समितीचे सभापती. आमच्या वडिलांचे मित्र. वडील गेले तेव्हा तेराव्याला सगळ्यांच्या आधी येऊन पंगतीला पाणी वाढणारा माणूस. निवडणीचं शेड घालायला मला बँकेचा दरवाजा दाखवला तोही त्यांनीच. त्यांच्या टेबलावर मी ते बेदाणे ठेवले आणि चोळून दाखवले.

आप्पांनी चष्मा काढला. "तुला कळलं तर. मला दोन महिन्यांपासनं संशय हाय. परदेशी माल हाय हा, कला. तिकडं कचऱ्याच्या भावानं मिळतोय. सरळ मार्गानं आणला तर सरकारचा कर भरायला लागतो, मग परवडत न्हाई. म्हणून आडवाटेनं, शेजारच्या देशातनं फिरवून, कागदावर दुसरंच नाव घालून आणत्यात. इथं आपल्या पेटीत भरला की झाला आपला."

"मग धरा की त्यास्नी!"

"कसा धरू? पोलीस इचारतील, कशावरनं म्हणता? तुझा तळहात घेऊन कोर्टात जाऊ काय?" ते उठून खिडकीशी गेले. हॉलमधली गर्दी तिथून दिसायची. "नुसतं ओरडून काय होत न्हाई. नियम पायजे. आपण ठराव करूया. हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येक मालाची तपासणी, आणि आपल्या भागातला हाय असा समितीचा दाखला. दाखला न्हाई त्याला सौदा न्हाई. आणि दाखल्यावर सही तुझी."

"माझी? मी सातवी शिकलेली बाई."

"शिकलेले लई हायत गं. ओळखणारं कोण हाय?" आप्पा म्हणाले. "फकस्त एक कर. तू कशावरनं ओळखतीस ते कागदावर लिहून दे. निकष लागत्यात ठरावाला. तुझ्या मनातलं सगळं लिही, काय राखून ठेवू नको. न्हाईतर उद्या तोडकर म्हणंल, बाईच्या मनात आलं म्हणून माल परत केला."

मला ते पटलं. अजूनही वाटतं, कुणालाही पटलं असतं.

तीन दिवस लागले मला तो कागद लिहायला. हाताला कळतं ते शब्दात उतरवणं सोपं नसतं. शेवटी चार खुणा लिहिल्या. पहिली, तळहातावर चोळला तर चकाकी उतरते का. दुसरी, देठ. आपला माल यंत्रातून निघतो, देठ मुळापासून तुटतो. त्या मालाला दोऱ्याएवढा देठ राहतो. तिसरी, पांढऱ्या फडक्यावर आपटला तर मातकट धूळ पडते का. चौथी, कोमट पाणी. आपली साल पातळ, अर्ध्या तासात फुगते. त्याची जाड, तासभर आखडून बसतो. "आखडून" हा शब्द मी आधी चुकीचा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. भूपाल शेजारी बसून बघत होता. "अक्का, तू तर कायदाच लिवालीस," म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कौतुक होतं. खोटं कशाला बोलू? त्या कौतुकानं मी जमिनीपासून दोन बोटं वर चालत होते.

ठराव झाला. टाइप होऊन नोटीस बोर्डावर लागला, पण त्यात फक्त "समितीने ठरवलेल्या निकषांनुसार" एवढंच होतं. "खुणा बाहेर कशाला सांगायच्या?" आप्पा म्हणाले. "तुझा कागद माझ्या कपाटात राहील."

पहिल्या दोन महिन्यांत मी तीन गाड्या परत पाठवल्या. तोडकरची पहिली. तो हॉलच्या दारात उभा राहून माझ्याकडे बघत राहिला आणि मीही बघत राहिले. दर चढायला लागला. दिल्लीचे, इंदूरचे खरेदीदार दाखला आधी बघायचे, मग पेटीत हात घालायचे. समितीच्या शिक्क्याखाली माझी वेडीवाकडी सही असायची, "क. भ. मगदूम", आणि तेवढ्यावर परमुलखातला माणूस डोळे झाकून माल उचलायचा. सांगायला संकोच वाटत नाही, मला फार अभिमान वाटला होता.

दिवाळीच्या आधी गावातले बागायतदार आमच्या अंगणात जमले. सगळ्यांचा माल शीतगृहात होता. दर चांगला होता. विकावा की थांबावं, असा प्रश्न होता. भूपाल म्हणाला, "अक्काला इचारा. तिला आतलं ठाव हाय."

मी म्हणाले, "थांबा. बाहेरचा माल बंद झालाय. आपल्याकडं आहे तेवढाच माल बाजारात आहे. दिवाळीनंतर दर अजून चढणार. गडबड करू नका."

"तुझ्या शब्दावर थांबतोय बघ कलाक्का," एक म्हातारे बागायतदार म्हणाले.

"थांबा माझ्या शब्दावर," मी म्हणाले.

सारं गाव थांबलं. भूपालनं तर एक पेटीही काढली नाही.

दिवाळी झाली आणि आवक वाढायला लागली. आधी मला कळेना, कुठून येतोय एवढा माल? आमच्या पट्ट्यातले बागायतदार तर थांबलेले. पण गाड्या येत होत्या, तोडकरच्या, आणखी दोघा-तिघांच्या, आणि प्रत्येक मालाची मी नीट तपासणी करत होते. चकाकी उतरत होती. देठ नव्हता. फडकं पांढरंच राहत होतं. पाण्यात अर्ध्या तासात फुगत होता. चारही खुणा पटत होत्या आणि मी सह्या करत होते. दर उतरू लागला. आधी थोडा, मग एका आठवड्यात किलोमागं पंचवीस रुपये, मग आणखी. अंगणात येणारे लोक आता चहा घ्यायला थांबेनात.

"अक्का, कुठं चुकतंय?" भूपाल रोज विचारायचा.

एका बुधवारी तोडकरचाच माल होता. मी मूठभर घेतला, चोळला, चकाकी लख्ख उतरली. पण मग तळहात नाकाशी नेला. तेलाचा वास आला, कच्चा. आमच्या मालाला तेलाचा वास राहत नाही. तेल लागतं ते ओल्या द्राक्षांना, त्यानंतर माल वीस दिवस वाऱ्यावर वाळतो आणि नऊ-दहा महिने शीतगृहात असतो. या मालाला तेल लागलेलं होतं फार तर गेल्या आठवड्यात.

"याला दाखला देत न्हाई," मी म्हणाले.

कारकुनानं आप्पांना बोलावलं. त्यांनी माझं ऐकून घेतलं, नेहमीसारखंच शांतपणे. "चार खुणा पटत्यात का?"

"पटत्यात. पण वास—"

"वास निकषात बसत न्हाई, कला." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आज वासावर परत पाठवला, तर उद्या तो कोर्टात जाईल आणि सगळा ठरावच उडवून लावील. मग हाय तेबी जाईल. कर सही. पुढच्या सभेत वासाचं घालूया."

मी सही केली. त्या सहीचं ओझं मी आजही वागवते, कारण तेव्हा माझ्या मनाला कळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोडकरच्या मळ्याची वाट धरली. डिसेंबर होता. डिसेंबरात द्राक्ष वेलीवर कच्चंच असतं, बेदाणा कुणीही करत नाही. वाळवणीचे रॅक तेव्हा ओसाड असतात. तोडकरचे रॅक भरलेले होते. लांबूनच तेलाचा वास आला. शेडमध्ये हौद भरलेला होता आणि त्याच्या काठावर दहा-बारा बायका बसून जाळीच्या करंड्या हौदात बुडवत होत्या. करंड्यांत द्राक्षं नव्हती, वाळलेला बेदाणा होता. एका बाजूला तो धुतला जात होता, एका बाजूला यंत्रातून देठ काढले जात होते, मग तेलाच्या पाण्यात बुडवून रॅकवर पसरला जात होता.

मला बघून त्यातली एक उठली. शेवंता. दोन वर्षांपूर्वी माझ्याच शेडमध्ये निवडणीला होती. माझा चेहरा काय झाला असेल मला माहीत नाही, पण तिचा आनंदानं फुलला.

"अक्का! तुमी आलासा! बघा की, बराबर करालोय न्हवं? मी सगळ्यास्नी सांगती, तुमी लिवल्यात तसंच करायचं."

"मी लिवलंय?"

तिनं खांबाकडं बोट केलं. खांबावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक कागद डकवला होता. झेरॉक्स होती. चार खुणा, एकाखाली एक, माझ्या अक्षरात. चौथ्या खुणेतला खोडलेला शब्दसुद्धा तसाच.

"पयल्या दोन गाड्यांस्नी धूळ ऱ्हायली, परत आल्या," शेवंता उत्साहानं सांगत होती. "मग शेठनी ह्यो कागद आणला. आप्पांनी दिलाय म्हनं. मी अक्षर बघितल्याबरोबर वळाकलं. म्हटलं, अक्काचं हाय म्हंजे काम चांगलंच असणार. का वो अक्का, काय चुकलंय व्हय?"

ती बाई माझ्यावरच्या विश्वासानं ते काम करत होती. मी तिथून निघाले ती पायी चालत पेठेपर्यंत आले, पाच किलोमीटर, आणि वाटेत कुणी हाक मारली तरी मला ऐकू आली नाही.

आप्पा ऑफिसात एकटेच होते. मी दार लावून घेतलं.

"कागद तुमच्या कपाटात होता, आप्पा."

त्यांनी वर बघितलं. नाकारतील असं मला वाटलं होतं. कुणीतरी चोरला असं म्हणतील. आणि खरं सांगते, तसं म्हणाले असते तर मी विश्वास ठेवायला तयार होते. पण ते नाकारण्याच्याही फंदात पडले नाहीत.

"बस," ते म्हणाले.

"बसत न्हाई."

"मग उभ्यानं ऐक. माल येणारच होता, कला. तू अडवलास म्हणून थांबणार न्हवता, दुसऱ्या पेठेत गेला असता. तिकडं दाखला न्हाई, तपासणी न्हाई. सगळे व्यापारी तिकडं गेले असते आणि आपला हॉल ओस पडला असता. आधी तो चोरून इकायचा, समितीला छदाम मिळत न्हवता. आता दाखला घेऊन येतोय, फी भरतोय. हॉलचं छप्पर नवीन झालं ते कशातनं?"

"आणि शेतकरी? दर पडला तो?"

"दर वर-खाली हुतोय."

"आधी तो माल कमी दरानं जायचा, आप्पा! परदेशी असंल म्हणून खरेदीदार बिचकायचा, चार पैसं कमीच द्यायचा. आता त्याला आपल्या मालाचा दर मिळतोय. माझ्या सहीवर! चोराला तुमी घरमालकाचा कागद करून दिलासा!" मी ओरडत होते. "माझ्या बापाच्या तेराव्याला तुमी पंगतीत पाणी वाढलं हुतं. तुमाला काय वाटलं न्हाई?"

तेव्हा मात्र त्यांनी क्षणभर नजर खाली केली. मग म्हणाले, "वाटलं. म्हणून तर तुला काय सांगितलं न्हाई."

"मी बुधवारी सौद्यात सांगणार. सगळ्यांसमोर."

"सांग," आप्पा म्हणाले. "मी अडवणार न्हाई. पण किती दाखले तुझ्या सहीनं गेलेत ते मनात धर आणि मग बोल."

बुधवारच्या आदल्या दिवशी मी फक्त भूपालला सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं, भिंतीकडं बघत. "तुला अटक झाली तर?" एवढंच विचारलं.

"झाली तर झाली. तुमी सगळे माझ्या शब्दावर थांबलाय. मी गप बसले तर तुमच्या तोंडाकडं कशी बघू?"

तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, गहिवरला असेल.

बुधवारी हॉल भरलेला होता; दर आणखी पडायच्या भीतीनं आमच्या गावानंही शीतगृहातून माल काढून आणला होता. सौदा सुरू होण्याआधी मी पुकारा करणाऱ्याच्या चौथऱ्यावर चढले. सगळं सांगितलं. हौद, रॅक, माझा कागद, माझ्या सह्या. "दिवाळीनंतर मी दिलेले कितीतरी दाखले खोटे हायत," मी म्हणाले. "चूक माझी हाय. पण हा माल थांबवा. तोडकरच्या मळ्यात आत्ता जाऊन बघा, रॅक अजून ओले असतील."

आप्पा खाली खुर्चीवर बसलेले होते, हात मांडीवर. तोडकर छताकडं बघत होता.

मला वाटलं होतं, आमचे लोक उसळतील. म्हातारे बागायतदार पुढं होते, आमच्या अंगणात बसणारे. त्यांच्याकडं मी बघत होते. पण ते माझ्याकडं बघत नव्हते, खरेदीदारांकडं बघत होते.

इंदूरचा एक जण होता, वीस वर्षं आमच्याकडून माल नेणारा. त्यानं समोरच्या पेटीचं झाकण पाडलं. "मग तर कुठल्याच मालाचं खरं नाही," तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "आज आम्ही घेत नाही." त्याच्या मागोमाग दुसऱ्यानं झाकण पाडलं. मग तिसऱ्यानं. झाकणं पडत गेली आणि त्या आवाजाबरोबर आमच्या लोकांचे चेहरे उतरत गेले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी नुसत्या तोडकरच्या मालाला खोटं म्हटलं नव्हतं. दाखला सगळ्यांवर एकच होता. खऱ्या मालावरही माझीच सही होती.

"खाली उतर," कुणीतरी हळूच म्हणालं. आमच्याच गावचा आवाज होता.

आणि मग भूपाल उठला.

मला धीर आला. वाटलं, हा म्हणेल, चला तोडकरच्या मळ्यात, मी दाखवतो. तो चौथऱ्याजवळ आला. माझ्याकडं न बघता खरेदीदारांकडं तोंड करून उभा राहिला.

"माफ करा," तो म्हणाला. "माझी भण हाय ही. वरीस झालं, तिच्या हाताला बधिरपणा आलाय. बोटांस्नी काय कळत न्हाई. डॉक्टरला दावलंय मी. त्यातनं डोक्याला ताप करून घेतलाय तिनं. आमचा माल चोख हाय. तिच्या बोलण्यावर जाऊ नगासा."

मी त्याच्या पाठीकडं बघत राहिले. शर्ट मीच घेतलेला होता, पाडव्याला.

"खरं हाय," म्हातारे बागायतदार म्हणाले. "आमच्या गावात समद्यास्नी म्हाईत हाय." आणखी दोघांनी माना डोलावल्या. माझ्या हाताला कळत नाही, तर मग आजवरचे दाखले कुणाच्या भरवशावर, असा प्रश्न त्या हॉलमध्ये एकाही माणसाला पडला नाही. सगळ्यांना हवं होतं तेवढंच सगळ्यांनी ऐकलं. इंदूरवाल्यानं जरा थांबून झाकण पुन्हा उघडलं. आप्पांना उठावंसुद्धा लागलं नाही.

तिथंच, सौद्याच्या आधी, माझा सत्कार झाला. तब्येतीच्या कारणानं कलाक्का कामातून मोकळ्या होत आहेत, असं जाहीर झालं. आप्पांनी शाल घातली, नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुकारा झाला, आणि ज्याला दिवसाचा सगळ्यात चढा दर मिळतो तो पहिला माल लागला भूपालचा.

तोडकरवर कधी काही झालं नाही. दर त्या वर्षी चढला नाही आणि पुढच्याही नाही. तिसऱ्या वर्षी गावातल्या निम्म्या लोकांनी बागा काढल्या, त्यात भूपालचीही गेली. तेव्हा मी त्याला "बघ, सांगत होते" असं म्हणाले नाही. म्हणायची इच्छा फार होती.

पण मला राहून राहून आठवते ती त्या बुधवारची संध्याकाळ. मी ओसरीवर बसले होते. भूपाल आला, चपला काढल्या आणि माझ्यापासून जरा लांब, भिंतीला टेकून बसला.

"आप्पा काल मी नसताना घरी आलते?" मी विचारलं.

"आलते."

"काय दिलं तुला?"

"काय न्हाई, अक्का. शप्पत." त्याचा आवाज फाटला. "धमकी न्हाई, पैसा न्हाई. चा घेतला आणि इचारलं, भूपाल, उद्या तुझा माल कितवा लागतोय? मी म्हटलं, चाळिसावा. ते म्हणाले, पयला लावूया का? एवढंच."

"आणि तू हो म्हणालास."

त्यानं खिशातून एक कागदी पुडी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. आत गोळ्यांची दोन पाकिटं होती.

"हे काय?"

"बधिरपणाच्या हायत," तो खाली बघत म्हणाला. "सादं टॉनिक हाय, काय अपाय न्हाई. लोक इचारतील, अक्काला औषध चालू हाय न्हवं? घरात दिसलं पायजे."

स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको येऊन उभी राहिली होती. तिला काही माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आणून ती माझ्या हातांकडं बघत होती. मला ओरडायचं होतं, ती पाकिटं अंगणात भिरकावून द्यायची होती. चौथीतला भूपाल तापानं फणफणला होता तेव्हा रात्रभर त्याच्या कपाळावर घड्या बदलल्या होत्या याच हातांनी, याची त्याला आठवण करून द्यायची होती. यातलं मी काहीच केलं नाही. पाकीट उचललं, उजेडात धरलं.

"जेवायच्या आधी घ्यायची की जेवल्यावर?" मी विचारलं.

"जेवल्यावर," भूपाल म्हणाला.